गोधडीच्या दोऱ्याची टोके : दडवणे, निसटणे आणि सापडणे

शिवणाऱ्या दोऱ्याला दोन टोके असतात आणि दोन्ही नकोशी असतात. सदरा, झबले किंवा पिशवी यांच्या बाबतीत त्यांची सोय सहज लागते, कारण या वस्तूंना उलटी बाजू असते. तिथे काय काय लोंबते आहे हे शिवणारा, धुणारा आणि देव एवढ्यांनाच ठाऊक. गोधडीला ही सवलत नाही. ती दोन्ही बाजूंनी पांघरली जाते, दोन्ही बाजूंनी वाळत पडते आणि पाहुण्यांसमोर नेमकी नको त्याच बाजूने उलगडते. त्यामुळे टोक ठेवायला एकच जागा उरते, ती म्हणजे गोधडीचे पोट. वरचे लुगडे आणि खालचे लुगडे यांच्या मधले थर म्हणजे पोट. टोक त्या पोटात घालणे आणि ते तिथेच राहील असे पाहणे, एवढाच या विषयाचा आवाका. त्यात उन्हाळेच्या उन्हाळे गेले आहेत.

बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी जळगाव जामोद वसले आहे. नावाला मागे ‘जामोद’ची गाठ मारून ठेवलेली आहे, नाहीतर पत्र आणि पाहुणा दोघेही खानदेशात जाऊन पोचतात. आजूबाजूला काळी जमीन आणि पिढ्यानपिढ्यांचा कापूस. वऱ्हाडातल्या कापसासाठी १८७० साली खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा आला, यावरून त्याचे मोल कळावे. तरीही इथल्या गोधडीच्या पोटात कापूस नसतो. तो जिनिंगवर जातो, तिथून कुठल्या कुठे जातो आणि ज्यांनी वेचला त्यांच्या अंगावर जुनी लुगडीच येतात. कापसाची ती गादी किंवा रजई, ती पिंजारी भरतो आणि मोठ्या सुईने लांब लांब टाके घालून मोकळा होतो. त्याच्या गाठी उघड्यावर असतात आणि त्याबद्दल त्याला कोणी विचारत नाही. गोधडी घरातली बाई शिवते. तिला सगळे विचारतात.

मोसम उन्हाळ्याचा. गहू-हरभरा घरात आलेला, पाऊस लांब, पारा पंचेचाळिशीकडे निघालेला. पापड, कुरडया आणि शेवया आटोपल्या की जुन्या लुगड्यांची बोचकी सुटतात. ज्या दिवसांत अंगावर पदरही नकोसा होतो, नेमक्या त्याच दिवसांत मांडीवर सहा थरांचे पांघरूण घेऊन बसण्याची ही रीत कोणी सुरू केली, याचा शोध घेण्यासारखा आहे. याच तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाऊस कसा पडेल, कोणते पीक साधेल याचे भाकीत सांगतात. त्या भाकितावर गावोगावी वर्षभर वाद चालतो. गोधडीचे टोक कधी बाहेर येईल याचे भाकीत मात्र कोणीही करू शकते. पहिल्या धुण्याला.

टोकांची संख्या किती, हे आधी मोजलेले बरे. सहा फूट लांब आणि चार फूट रुंद गोधडी घेतली आणि ओळींमध्ये एक इंचाचे अंतर ठेवले, तर धावदोऱ्याची एकूण लांबी २८८ फूट भरते. गुंता होऊ नये म्हणून दोरा बेताचाच घ्यायचा असतो. त्यातून गाठीचे आणि शेवटचे वजा जाता दोनएक फूट कामी येतात. म्हणजे १४४ दोरे आणि २८८ टोके. हे झाले विरळ कामाचे. हौसेने अर्ध्या इंचावर ओळी घातल्या की आकडा दुप्पट. काठापासून सुरुवात करून चौकोनात चौकोन घालत मध्यापर्यंत यायचे, ही इकडची नेहमीची पद्धत. त्यामुळे टोके एका कोपऱ्यात गोळा होण्याऐवजी गोधडीभर विखुरतात आणि कुठे काय दडवले हे दडवणारीच विसरून जाते.

हे गणित कळले की नवशिकी सून पहिली युक्ती लढवते. दोरा लांब घेतला की टोके कमी. तर्क बिनचूक असतो. ती तीन हात दोरा तोडते, दुहेरी करते आणि बसते. पहिल्या चार टाक्यांतच दोरा पीळ खातो, स्वतःभोवती वळतो आणि जिथे गाठ नको तिथे अशी पक्की गाठ मारतो की जिथे हवी तिथे तशी माणसाला आजवर जमलेली नाही.

“एवढा दोरा कायले घेतला वं?”

“घडी घडी ववा लागत नाई मंग.”

“व्हय. आता बस गुंता सोडत.”

सासूबाई जे सांगत नाहीत ते असे की सुताला मुळात पीळ असतो आणि रिळावरून आधी सुटलेले टोक सुईत ओवले, तर कापडातून जाताना तो पीळ कमी उलगडतो. दोरा मेणावरून एकदा ओढून घेतला तरी गुंता बराच आवरतो. सासूबाईंना हे ठाऊक असते. पण गुंता सोडवणाऱ्या सुनेकडे पाहण्यात जे समाधान आहे ते मेणात नाही.

ओवणे हे स्वतंत्र खाते आहे आणि ते घरातल्या लहान मुलांकडे असते. आजीचे डोळे टाके बरोबर पाहतात, नेढे तेवढे पाहत नाहीत. “दोरा ववून दे बरं बापू” अशी हाक येते तेव्हा बापू अंगणातून नाहीसा झालेला असतो. अनुभवी आजी म्हणून सकाळीच बापूला पकडून दहा सुया ओवून घेते आणि उशीत टोचून ठेवते. बापू एका सुईला एक बोराची गोळी असा भाव लावतो. दहावी सुई ओवताना तो दोऱ्याचे टोक तोंडात घालतो, चोखतो, दाताने तोडतो, पुन्हा चोखतो आणि टोकाचा असा झाडू करतो की तो नेढ्यात काय, बांगडीतही जाऊ नये. टोक कात्रीने तिरके कापावे, हा नियम या खात्यापर्यंत पोचलेला नाही.

आता गाठ. घरोघरची गाठ म्हणजे बोटाला थुंकी लावून, दोरा बोटाभोवती फिरवून, अंगठ्याने घरंगळवत खाली ओढायची. ही झटपट होते, पण तिचा आकार दैवाधीन असतो. कधी मोहरीएवढी, कधी ज्वारीच्या दाण्याएवढी. दुसरी गाठ जरा शहाणी. दोऱ्याचे टोक सुईच्या अंगाला दोन-तीन वेळा गुंडाळायचे, ते वेढे चिमटीत धरायचे आणि सुई वर ओढायची. वेढे घसरत घसरत टोकापाशी येऊन बारीक, घट्ट आणि सारख्या आकाराची गाठ बसते. ही गाठ जिला जमते ती बाकीच्यांना शिकवत नाही. नुसते “असं करायचं” म्हणते आणि इतक्या चपळाईने करते की पाहणारीला फक्त बांगड्या दिसतात.

गाठ झाली की ती पोटात घालायची. जिथून पहिला टाका निघायचा आहे तिथून इंचभर लांब, फक्त वरच्या लुगड्यातून सुई आत न्यायची, मधल्या थरांतून सरपटवत आणायची आणि ठरल्या जागी वर काढायची. गाठ वरच्या कापडावर येऊन अडते. मग दोऱ्याला एक हलका हिसका द्यायचा. टप् असा बारीक आवाज येतो आणि गाठ आत जाते. छिद्र नखाने जरा घासले की विणीचे धागे पुन्हा जवळ येतात आणि तिथे काही घडल्याची खूण राहत नाही.

सगळी मेख त्या हलक्या हिसक्यात आहे. हिसका कमी पडला तर गाठ वरच बसून राहते. जास्त झाला तर गाठ आत जाते, थांबत नाही, पलीकडून बाहेर येते आणि सगळा दोरा हातात. सुती नऊवारी लुगडे या बाबतीत समंजस. त्याची वीण गाठीला आत घेते आणि मग धरून ठेवते. व्हॉइल फार पातळ, त्यातून गाठ डोकावते. नायलॉनचे पातळ तर निसरडे. त्याच्या पोटात गाठ वस्तीला राहतच नाही. अलीकडे जुन्या कपड्यांच्या बोचक्यात सुती कमी आणि नायलॉन-पॉलिएस्टर जास्त निघते. त्यामुळे जुन्या हातांचा हिसकाही चुकायला लागला आहे आणि त्याचे खापर दोऱ्याच्या कंपनीवर फुटते.

दोरा संपत येण्याची वेळ हा या कलेतला खरा कसोटीचा भाग. चार बोटे दोरा उरला की थांबावे, असा नियम आहे. तो कोणीच पाळत नाही. अजून एक टाका बसेल असे वाटते, तो बसतो. मग वाटते आणखी एक. पेट्रोलचा काटा खाली टेकल्यावरही नांदुऱ्यापर्यंत जाईलच असे मानणाऱ्या पुरुषमंडळींना जी बाई नावे ठेवते, तीच इथे दोन बोटे दोऱ्यावर तीन टाक्यांचा बेत आखते. शेवटी सुई वळवायलाही दोरा पुरत नाही. त्यावर एक सुंदर तोड आहे. सुईतून दोरा काढून टाकायचा. मोकळी सुई टोकाच्या अगदी शेजारी कापडात अर्धी खुपसायची, नेढे बाहेर ठेवायचे. मग ते आखूड टोक नेढ्यात ओवायचे आणि सुई पुढे ढकलून पलीकडे काढायची. टोक मागोमाग पोटात जाते. फक्त अर्ध्या इंचाचा दोरा, कापडात रुतलेल्या सुईच्या नेढ्यात, भर दुपारी, घामेजल्या बोटांनी ओवायचा असतो. बापू यासाठी मिळत नाही. या कामाचा भाव अजून ठरलेला नाही.

नियम पाळला असता तर शेवट सोपा होता. एक बारीक टाका मागे घ्यायचा, कापडालगत गाठ बसवायची, सुई त्याच छिद्रातून पोटात न्यायची, इंचभर चालवून वर काढायची, हिसका देऊन गाठ बुडवायची आणि दोरा जरा ताणून कापडालगत कापायचा. कापलेले टोक आपसूक आत ओढले जाते. कात्री लुगड्यालाही कापू शकते हे कात्रीच्या जन्मापासून सर्वांना माहीत आहे, तरी दर उन्हाळ्यात एखाद्या आळीत एक किंकाळी ऐकू येते. मग त्या भोकावर एक सुबक चौकोनी तुकडा येतो आणि पाहणाऱ्याला सांगितले जाते की ती नक्षी आहे.

गोधडी पुरी झाली की ती पाहायला शेजारीण येते. शेजारीण रंगसंगती पाहत नाही. काठांची जुळणी, मधला चौकोन, कोपऱ्यांची घडी यांवरून तिची नजर सरळ घसरत जाते आणि ती पहिल्या वाक्यातच गोधडी उलटी करते.

“झाली वाटते वाकय.”

“झाली बाप्पा एकदाची.”

“मस्त झाली. हे काय निघून रायलं इथी?”

२८८ टोकांपैकी २८७ आत आहेत, हे तिथे कोणी मोजत नाही. शेजारणीची तर्जनी नेमकी त्या एकावर असते. प्रस्तुत लेखकाच्या मते, जिच्या स्वतःच्या गोधडीत जास्त टोके बाहेर आहेत तिची तर्जनी जास्त अचूक असते. चोराच्या वाटा चोराला ठाऊक, त्यातलाच हा प्रकार. ज्या गोधडीत एकही टोक सापडत नाही तिच्याबद्दल मत वेगळे पडते. “मशीनवर मारली असंन,” असे म्हणून चहा न घेता उठून जातात.

पंढरपूरच्या जनाबाईच्या कथेत विठ्ठल तिच्या झोपडीतून घाईने निघतो, तिची वाकळ पांघरून देवळात जातो आणि त्याचे पदक मागे राहते. चोरीचा आळ जनीवर येतो. देवळातल्या मंडळींनी पदकाची कसून चौकशी केली. वाकळेचे एखादे टोक बाहेर होते का, याकडे कोणाचे लक्ष गेल्याचे कथेत येत नाही. देवळात त्या वेळी एकही शेजारीण नव्हती, एवढे त्यावरून सिद्ध होते.

टोके न दडवण्याचा खमका मार्ग दाखवला तो वऱ्हाडाच्याच एका माणसाने. अमरावती जिल्ह्यात १८७६ साली जन्मलेले गाडगेबाबा चिंध्या जोडलेले वस्त्र अंगावर घेऊन गावोगाव हिंडले, आणि लोक त्यांना गोधडेबाबाही म्हणत. त्यांच्या वस्त्राच्या दोऱ्यांची टोके चारी दिशांना मोकळी असत आणि गाव झाडून काढणाऱ्या माणसाला ती दाखवण्याची कोणाची छाती झाली नाही. ही सूट घरच्या गोधडीला मिळावी म्हणून काहींनी बाबांचा दाखला दिला आहे. “मंग घे खराटा,” असे उत्तर आल्यावर तो मागे घेतला.

बाहेरच्या जगातही हा घोर आहेच. जपानमध्ये शेतकऱ्यांचे आणि कोळ्यांचे कपडे दणकट करण्यासाठी साशिको नावाचा धावदोरा घालत. त्यात गाठ मारायचीच नाही, सुरुवातीचे आणि शेवटचे टाके एकमेकांवर घालून दोरा अडकवायचा, अशी रीत आहे. गाठच नाही तर दडवायचे काय, असा हा रोखठोक विचार. बंगालच्या कांथ्यासाठी जुन्या साडीच्या काठातून सुटे केलेले धागे वापरत, म्हणजे दोरा विकत घेण्यापासूनच सुटका. उत्तर कन्नडमधल्या सिद्दी बायका कवंदी शिवतात तीही काठाकडून मध्याकडे, आपल्यासारखीच. पण तिच्या चारही कोपऱ्यांना तुकड्यांच्या घड्यांची टोकदार फुले मुद्दाम बाहेर काढून लावतात आणि त्यांच्याशिवाय कवंदी पुरी झाली असे मानत नाहीत. नजर कोपऱ्यांवर खिळवून ठेवायची ही तोड आमच्या शेजारणींपुढे कितपत टिकेल याची शंका आहे. अमेरिकेत आमिश लोक गोधडीत एक चूक मुद्दाम ठेवतात, कारण निर्दोष फक्त देव, अशी एक गोष्ट सांगतात. अभ्यासकांना तिला आधार सापडलेला नाही. जळगाव जामोदला चूक मुद्दाम ठेवण्याची पाळी कोणावर आल्याचे ऐकिवात नाही.

टोक न सापडण्याचा सर्वात मोठा विक्रम मात्र याच तालुक्याच्या नावावर आहे. सातपुड्याच्या या कुशीत निहाली बोलणारे लोक राहतात, आणि ती भाषा कोणत्याही भाषाकुळाला जोडलेली आहे असे भाषाशास्त्रज्ञांना अजून दाखवता आलेले नाही. शेजारणींना अजून कोणी विचारलेले नाही, एवढेच.

शिवणयंत्र आल्यावर ही कटकट संपेल असे वाटले होते. यंत्राने ती दुप्पट केली. हातशिलाईत एक दोरा, यंत्रात दोन; एक वरून रिळाचा आणि एक खालून बॉबिनचा. म्हणजे प्रत्येक ओळीला चार टोके. बॉबिनचा दोरा संपतो तो न सांगता. वरचा दोरा फिरत असतो, पायटा चालू असतो, सुई खालीवर होत असते, गाणे गुणगुणले जात असते आणि दोन हात लांबीची शिलाई झाल्यावर कळते की कापडाला नुसती भोके पडली आहेत. टोके दडवण्यासाठी खालचा दोरा वर ओढून, दोन्हींची गाठ मारून, दोन्ही एका सुईत ओवून पोटात न्यावे लागतात. माथ्याला खाच असलेली सुई मिळते, तिच्यात दोरा वरून दाबला की ओवला जातो. पण बहुतेक जणी ओळीच्या शेवटी यंत्र चार टाके मागे, चार टाके पुढे चालवतात आणि पुढच्या ओळीला लागतात. तिथे शिलाईची एक कडक गुठळी तयार होते. ती बरोबर झोपणाऱ्याच्या हनुवटीखाली येते.

यंत्राची साखळी शिलाई तर वेगळाच स्वभाव दाखवते. बाजार समितीत धान्याच्या पोत्याचे तोंड या शिलाईने बंद करतात. तिचे एक टोक ओढले तर सगळी शिलाई सरसर सुटून येते, दुसरे ओढले तर आणखी आवळते. हमाल डोळे मिटून बरोबर टोक धरतो. घरी आणलेले पोते उघडताना कर्ता पुरुष हमखास दुसरे टोक धरतो, ओढतो, पाय लावून ओढतो, विळा मागवतो आणि पोते मधोमध फाडून म्हणतो की आजकाल माल चांगला येत नाही. पोत्याचा सुटलेला दोरा गुंडाळून ठेवायची घरोघर चाल आहे, आणि तो शेवटी गोधडीच्याच कामी येतो. जाडजूड असल्याने त्याची गाठ कोणत्याही हिसक्याने आत जात नाही.

वापरात आलेल्या गोधडीचे टोक रात्री बाहेर येते आणि पायाच्या अंगठ्याला सापडते. अंगठा त्याला सोडत नाही. झोपेत हळूहळू ओढत सकाळपर्यंत एक ओळ मोकळी होते. दिवसा हेच काम लहान मूल जागेपणी करते आणि ओढल्याबरोबर कापडाला पडणाऱ्या चुण्या पाहून हरखते. पुरुषांचा सल्ला या प्रसंगी काडी लावण्याचा असतो. नायलॉनचा दोरा वितळून त्याची गुठळी होते हे खरे, पण सुती दोरा वितळत नाही, पेटतो, आणि त्याच्या शेजारी सहा थर जुने कापड असते. बरोबर उपाय असा की ओढायचे नाही, कापायचेही नाही. टोक सुईत ओवून, एक टाका घेऊन पुन्हा पोटात परतवायचे. फार आखूड असेल तर त्यावर ठिगळ.

ठिगळावर ठिगळ येत वीसेक वर्षांत गोधडी इतकी विरते की पांघरायला उरत नाही. तेव्हा ती टाकत नाहीत. नव्या लुगड्यांच्या मध्ये थर म्हणून ती जशीच्या तशी अंथरतात आणि वरून नवा धावदोरा घालतात. तिची सगळी टोके, गुठळ्या, चुकलेले हिसके, नक्षी म्हणून सांगितलेली भोके एका दमात पोटात जातात. टोके दडवण्याचा खात्रीचा मार्ग म्हणून याहून चांगला दुसरा नाही. नवी गोधडी पाहायला शेजारीण येते, उलटी करते, सुलटी करते, काही दिसत नाही. मग तळहात सपाट ठेवून सगळीकडून चाचपत जाते आणि एका जागी थांबते.

“इथी काही तरी टोचून रायलं बाप्पा.”